दहावीनंतरची दुसरी वाट
(आदिलाबाद जिल्ह्यातील पालक, शिक्षक व ग्रामकार्यकर्ते यांच्यासाठी अभ्यासलेख)

दरवर्षी उन्हाळ्यात दहावीचा निकाल जाहीर होतो आणि घराघरांत एकच प्रश्न विचारला जातो : आता पुढे काय? या प्रश्नाचे उत्तर बहुधा विचारपूर्वक दिले जात नाही. शेजारच्या मुलाने जेथे नाव घातले, तेथेच आपल्याही मुलाचे नाव घातले जाते. एका ग्रामसभेत प्रस्तुत लेखकाने औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचा, म्हणजे आय.टी.आय.चा, विषय काढला तेव्हा एक गृहस्थ म्हणाले, "साहेब, पोरगा हुशार आहे. त्याच्या हाती पाना कशाला द्यायचा?" सभेतील बहुतेकांनी माना डोलावल्या. हाताचे काम हे कमी बुद्धीचे काम होय, ही समजूत त्या एका वाक्यात पूर्णपणे प्रकट झाली आहे. तिची शहानिशा करणे हा या लेखाचा हेतू आहे.

मारलवाईचा धडा

शिक्षण आणि उपजीविका यांची सांगड घालण्याचा प्रयोग आपल्या परिसराला नवा नाही. १९४० साली जोडेघाट येथे कुमरम भीम यांचा संघर्ष झाला. त्यानंतर निजाम सरकारने आदिवासींच्या स्थितीचा अभ्यास करण्याचे काम मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेंडॉर्फ यांच्याकडे सोपविले. त्यांच्या पुढाकाराने १९४३ साली मारलवाई येथे गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. हे गाव आज कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात आहे. गोंडी भाषेची वाचनपुस्तके देवनागरी लिपीत तयार करण्यात आली, कारण या भागात मराठीमुळे ती लिपी परिचित होती.

या केंद्राचे वैशिष्ट्य लक्षात घेण्यासारखे आहे. तेथे तरुणांना केवळ साक्षर करून सोडून दिले गेले नाही. शिकून कोणते काम करावयाचे हे आधी निश्चित होते. कोणी शिक्षक झाले, तर कोणी शासनाच्या अन्य खात्यांत लागले. गावाला ज्या कामाची गरज होती, त्याच कामाचे शिक्षण गावातील तरुणाला मिळाले. व्यवसाय शिक्षणाचे तत्त्व याहून वेगळे नाही.

चांगली कल्पना मागे का पडते?

आपल्या जिल्ह्यापासून फार दूर नसलेल्या वर्धा येथे ऑक्टोबर १९३७ मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तीतून 'नई तालीम' म्हणजे मूलोद्योगी शिक्षणाची योजना पुढे आली. तिचा आराखडा करणाऱ्या समितीचे अध्यक्ष डॉ. झाकीर हुसेन यांचा जन्म हैदराबादचा. हस्तोद्योगाच्या द्वारे गणित, विज्ञान व समाजशास्त्र शिकवावे, अशी ती कल्पना होती. तथापि ती सर्वत्र रुजली नाही. त्याची कारणे अनेक असली, तरी एक कारण आपल्याही सभेत ऐकू आले : हे शिक्षण गरिबांच्या मुलांसाठी आहे, साहेबाच्या मुलांसाठी नव्हे, असा ग्रह लोकांनी करून घेतला. पुढे कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात कार्यानुभवाची शिफारस केली. पण अनेक शाळांत तो विषय पुठ्ठ्याच्या वस्तू करण्यापुरताच उरला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने व्यवसाय शिक्षण हा सामान्य शिक्षणाचाच भाग मानला आहे. धोरण कागदावर बदलते. मन बदलण्याचे काम मात्र गावातच व्हावे लागते.

आपल्या परिसराची गरज

आदिलाबाद हा कापसाचा मुलूख. हंगामात जिनिंग कारखाने दिवसरात्र चालतात. त्यांतील यंत्रांची निगा राखण्यास फिटर व इलेक्ट्रिशियन लागतात. शेतात बोअरची मोटार जळाली की ती भरून आणण्यास तालुक्याच्या गावी जावे लागते आणि पाण्यावाचून पीक वाळते. ट्रॅक्टर, फवारणी यंत्र, मोटारसायकल, मोबाईल, सौर पंप या वस्तू आता वाड्या-तांड्यांपर्यंत पोहोचल्या आहेत. त्या दुरुस्त करणारे हात मात्र त्याच प्रमाणात पोहोचलेले नाहीत.

२०१६ साली जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. त्या जुन्या जिल्ह्यात मंचेरियालकडील सिंगरेणीच्या कोळसा खाणी व कागजनगरची कागद गिरणी येतात. ही गिरणी २०१४ मध्ये बंद पडली आणि २०१८ मध्ये पुन्हा सुरू झाली. आदिलाबादचा शासकीय सिमेंट कारखाना तर बंद पडला तो कायमचाच. यावरून काही जण म्हणतील की, कारखानेच बंद पडतात तर कारागिरी शिकून काय उपयोग? हा आक्षेप खरा आहे, म्हणून त्याचे उत्तरही सरळ दिले पाहिजे. कारखाना बंद पडला की नोकरी जाते, हातची विद्या जात नाही. वेल्डिंग येणारा मनुष्य चंद्रपुरात, नागपुरात किंवा स्वतःच्या गावी पत्र्याच्या शेडखाली काम करू शकतो. कोणत्या खुर्चीसाठी घेतली हेच ठाऊक नसलेली पदवी मात्र दुसऱ्या गावी नेऊनही उपयोगी पडत नाही. प्रस्तुत लेखक स्वतः कला शाखेचा पदवीधर आहे. पदवीने त्याला वाचनाची गोडी व विचार करण्याची सवय दिली, याबद्दल तो कृतज्ञ आहे. परंतु ती निवड त्याने केली नव्हती. ती त्याच्यासाठी होऊन गेली होती. पदवीनंतरची काही वर्षे अर्ज भरण्यात गेली, तेव्हा हा फरक त्याच्या ध्यानी आला.

वाटा कोणत्या?

पहिली वाट आय.टी.आय.ची. देशात ही प्रशिक्षण योजना १९५० साली सुरू झाली. बहुतेक व्यवसायांना दहावी, तर काहींना आठवी उत्तीर्ण असणे पुरते. फिटर, इलेक्ट्रिशियन यांचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, तर वेल्डर, डिझेल मेकॅनिक यांचा एक वर्षाचा असतो. परीक्षेनंतर मिळणारे राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र देशभर चालते. सीमेवरील आपल्या मुलांना ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. तेलंगणा शासनाने २०२४ पासून राज्यातील ६५ शासकीय आय.टी.आय.चे प्रगत तंत्रज्ञान केंद्रांत रूपांतर करण्याचे काम हाती घेतले आहे.

दुसरी वाट पॉलिटेक्निकची. तेथे दहावीनंतर प्रवेश परीक्षा देऊन पदविका घेता येते. तिसरी वाट इंटरमीजिएटच्या व्यावसायिक अभ्यासक्रमाची. चौथी वाट १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालील उमेदवारीची. तीत काम शिकत असता विद्यावेतन मिळते.

"एकदा आय.टी.आय.ला गेला की पुढचे दार बंद" ही समजूत चुकीची आहे. दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा केलेला विद्यार्थी प्रवेश परीक्षा देऊन पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला जाऊ शकतो आणि पदविकाधारकाला अभियांत्रिकी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. ही वाट लांबची असली, तरी वाटेवर कमावता येते.

निवड करण्यापूर्वी

पालकांनी चार गोष्टी अवश्य तपासाव्यात. संस्थेला शासनाची मान्यता आहे काय? कार्यशाळेत यंत्रे चालू आहेत काय, की केवळ भिंतीवर तक्ते आहेत? मागील वर्षी उत्तीर्ण झालेली मुले आज काय करीत आहेत? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, मुलाची अथवा मुलीची स्वतःची आवड कोणती? शिवणकामाखेरीज मुलींना दुसरा व्यवसाय नाही, असे समजू नये. संगणक, इलेक्ट्रिशियन, इलेक्ट्रॉनिक्स हे सर्व अभ्यासक्रम त्यांना खुले आहेत.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना पुढे तेलुगू व इंग्रजीची अडचण जाणवते, हेही नाकारता येणार नाही. शिक्षकांनी दहावीच्या वर्षातच यंत्रांची व हत्यारांची नावे, मापे आणि साधे तांत्रिक आकृतिवाचन यांचा परिचय करून दिल्यास पहिल्या सहामाहीत गळून पडणारी मुले टिकतील.

ज्याला इतिहासात, विज्ञानात किंवा साहित्यात रस आहे, त्याने महाविद्यालयातच जावे. आमचा आग्रह मुलाने अमुकच वाट धरावी असा नाही. ती त्याने पाहून, विचारून, स्वतः निवडावी, एवढाच आहे. हुशार मुलाच्या हाती पाना कशाला, असे विचारणाऱ्या त्या गृहस्थांना एवढेच नम्रपणे सुचवावेसे वाटते की, जळालेली मोटार पुन्हा चालू करण्यास हुशारीच लागते.

चर्चेसाठी प्रश्न
१) आपल्या गावात गेल्या वर्षी कोणत्या दुरुस्तीसाठी लोकांना बाहेरगावी जावे लागले?
२) गावातील किती मुलामुलींनी दहावीनंतर शिक्षण सोडले व का?
३) जवळच्या आय.टी.आय.ची कार्यशाळा पाहण्यास शाळेची सहल केव्हा नेता येईल?