पाठ सातवा : एकवीस वर्षांचा अधिकारी



आजचा पाठ एका मलिद्यापासून सुरू करते. ओळखीच्या एका घरी नातू अधिकाऱ्यांचा अभ्यासक्रम पुरा करून आला, म्हणून आजीने बोललेला मलिदा होता. एलियाहू हन्नबीचे गाणे झाले, पोहे-खोबऱ्याचे ताट फिरले आणि मग प्रत्येकाला त्या मुलाबरोबर फोटो हवा होता, तोही खांद्यावरची नवी पट्टी नीट दिसेल असा. एक काका म्हणाले, "हा आमचा हिरो!" मुलगा नुसता हसला. नंतर माझ्याजवळ येऊन बसला आणि अर्ध्या हिब्रूत, अर्ध्या मराठीत म्हणाला, "आजी, मी अजून काहीच केलं नाही. तीस मुलं माझ्या हाताखाली येणार. माझ्याकडून चूक झाली तर, अशी भीती वाटते. पण हे इथे कोणाला सांगू?"

तो प्रश्न मी घरी घेऊन आले. इतके नातलग कौतुक करीत होते आणि बोलायला मात्र त्याला कोणी नव्हते. असे का होते, याचा आज विचार करू.

आधी शब्द पाहू

मराठीत रणात मरण आलेल्यासाठी जुने शब्द आहेत. "धारातीर्थी पडला" म्हणजे शस्त्राच्या धारेलाच तीर्थ मानून तिथे देह ठेवला. बखरींत "कामास आला" असे साधे शब्द येतात. "हुतात्मा" म्हणजे ज्याने स्वतःची आहुती दिली तो. मुंबईच्या हुतात्मा चौकातले हुतात्मे सैनिक नव्हते, संयुक्त महाराष्ट्रासाठी गोळ्या झेलणारी साधी माणसे होती. "शहीद" हा शब्द वर्तमानपत्रांत रोज येतो, पण भारतीय सैन्यात तो अधिकृत शब्द नाही, असे सरकारने संसदेत सांगितले आहे.

हिब्रूतही "नाफाल" म्हणजे पडला. आपली दोन्ही भाषांत एकच क्रिया आहे, हे ध्यानात ठेवा. आणि पडलेल्या सैनिकाला "हालाल" म्हणतात. त्याच शब्दाचा दुसरा अर्थ पोकळी, रिकामी जागा. वीर, शूर, गिबोर हे शब्द त्या माणसाला उंच नेऊन ठेवतात. "हालाल" हा शब्द घरात रिकाम्या राहिलेल्या जागेची आठवण देतो.

आपल्या पूर्वजांची सलामी

बेने इस्राएल घराण्यांतून ईस्ट इंडिया कंपनीच्या आणि पुढे ब्रिटिशांच्या मुंबई पलटणींत पुष्कळ जण गेले. त्यांतले कित्येक सुभेदार आणि सुभेदार मेजर झाले. मुंबईचे पहिले सिनेगॉग १७९६ मध्ये बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर हेही कंपनीच्या सैन्यातले अधिकारी होते. पण त्या काळाची रीत अशी होती की, वीस-तीस वर्षे नोकरी केलेला, पिकल्या मिशांचा सुभेदार मेजरसुद्धा नुकत्याच विलायतेहून आलेल्या अठरा-वीस वर्षांच्या गोऱ्या अधिकाऱ्याच्या हाताखाली असे. सलाम करावाच लागे. तो सलाम हुद्द्याला होता. मनातला मान त्या पोराला स्वतः मिळवावा लागे, आणि सगळ्यांनाच तो मिळत नसे.

स्वतंत्र भारतात हे बदलले. आपल्याच समाजातले बेंजामिन अब्राहम सॅमसन नौदलात व्हाइस ॲडमिरल झाले. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे ते प्रमुखही होते. तरुण अधिकारी घडवण्याचे काम बेने इस्राएल माणसाच्या हाती आले होते.

रेडिओवरचे युद्ध

डिसेंबर १९७१ मध्ये मी मुंबईत नवीनच शिक्षिका झाले होते. वय एकवीस. खिडक्यांच्या काचांना काळे कागद लावलेले, मोटारींच्या दिव्यांना काळा रंग, आणि सगळी चाळ रेडिओभोवती. १६ डिसेंबरला ढाक्याच्या शरणागतीची बातमी आली. ती शरणागती ठरवण्यात कलकत्त्याच्या ज्यू घराण्यातले मेजर जनरल जेकब यांचा मोठा हात होता, म्हणून आमच्या घरी आनंद दुप्पट झाला.

त्याच दिवशी पश्चिम आघाडीवर, शकरगड भागात, बसंतर नदीजवळ सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल रणगाड्यात मरण पावला. पूना हॉर्स पलटणीचा हा अधिकारी पुण्यातच जन्मला होता, १४ ऑक्टोबर १९५० रोजी. सैन्यात अधिकारी होऊन त्याला सहा महिने झाले होते. रणगाड्याला आग लागली, वरिष्ठांनी बाहेर पडायला सांगितले, पण तोफ अजून चालते आहे म्हणून तो लढत राहिला. त्याला मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. तो माझ्याच वयाचा होता. आज असता तर माझ्यासारखाच गुडघे धरून जिना चढला असता.

या गोष्टीचा दुसरा भाग मला अधिक शिकवून गेला. २००१ मध्ये त्याचे वडील, निवृत्त ब्रिगेडियर खेत्रपाल, आपले जन्मगाव सरगोधा पाहायला पाकिस्तानात गेले. लाहोरला ज्यांच्या घरी उतरले, त्या ब्रिगेडियर नासर यांनी निघण्याच्या आदल्या रात्री सांगितले की, तुमच्या मुलाच्या समोरच्या रणगाड्यात मी होतो, तो माझ्या हातून गेला. तीस वर्षे मनात ठेवलेली गोष्ट त्यांनी यजमान असताना, बापाच्या समोर बसून सांगितली, आणि मुलाच्या शौर्याची वाखाणणी केली. समोरच्या माणसाला खरे सांगणे, हाही मानच आहे.

दूरचित्रवाणीवरचे युद्ध

१९९९ चे कारगिल युद्ध भारतातल्या लोकांनी घरात बसून पडद्यावर पाहिले. विक्रम बत्राची मुलाखत तेव्हा गाजली. ५१४० नावाचे शिखर घेतल्यावर विजयाची खूण म्हणून त्याने एका शीतपेयाच्या जाहिरातीतले वाक्य निवडले होते. देशभर तेच वाक्य झाले. तीन आठवड्यांच्या आत, ७ जुलैला, तो दुसऱ्या शिखरावर मरण पावला. वय चोवीस. २०२१ मध्ये त्याच्यावर 'शेरशाह' चित्रपट निघाला.

पडद्याने आपल्याला त्याचा चेहरा दिला, हे चांगलेच झाले. रेडिओच्या काळात आम्हाला एवढेही कळत नव्हते. पण पडद्याला हसरा चेहरा आणि एक वाक्य पुरते. चढाईच्या आधीची रात्र, जवानांची जबाबदारी, हे त्यात मावत नाही.

आणि जो जिवंत परततो, त्याचे काय? कारवारजवळच्या चेंडिया गावचे रामा राघोबा राणे बॉम्बे सॅपर्समध्ये सेकंड लेफ्टनंट होते. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा ते राजौरी रस्त्यावर त्यांनी सुरुंग काढले, पाडलेली झाडे हटवली, वाट मोकळी केली. जखमी असूनही रणगाड्याखाली रांगत, चालकाला दोरीने खुणा करीत ते पुढे गेले. परमवीर चक्र जिवंतपणी मिळालेले ते पहिले. १९९४ मध्ये पुण्यात वारले. आज मराठी घरांत किती मुलांना हे नाव ठाऊक आहे? त्यांनी रस्ता केला म्हणून दुसरे लढू शकले. असे काम पडद्यावर फार वेळ राहत नाही.

इथे, इस्राएलात

इथे गोष्ट आणखी जवळची आहे, कारण अधिकारी शेजारच्याच घरातला असतो. आधी साधा सैनिक, मग मित्झपे रामोनजवळच्या 'बहाद एक' शाळेत शिक्षण, आणि एकवीस-बावीसाव्या वर्षी तुकडीचा नायक. जवान त्याला नावानेच हाक मारतात. "अहराय", म्हणजे माझ्या मागे या, ही इथली शिकवण.

बातमीत "हुतार लेफिर्सूम" हे दोन शब्द आले, म्हणजे प्रसिद्धीस परवानगी आहे, की घराघरांत हातातले काम थांबते. आधी घरच्यांना कळवायचे, मग नाव सांगायचे, ही रीत चांगली आहे. मोबाईलवर अफवा पुढे पाठवणारा माणूस तीच मोडतो. एखाद्या आईला दारावरच्या थापेआधी फोनवरून कळले, तर तो अपराध पाठवणाऱ्या प्रत्येकाचा.

आता एक अवघड गोष्ट. २९ ऑक्टोबर १९५६ च्या संध्याकाळी कफ्र कासिम गावात संचारबंदीची वेळ अचानक अलीकडे आणली. शेतातून, कामावरून परतणाऱ्या लोकांना ती माहीत नव्हती. सीमा पोलिसांनी गोळ्या घालून चाळीसहून अधिक माणसे मारली, त्यांत बायका आणि मुलेही होती. तसाच हुकूम दुसऱ्या गावांतही होता, पण तिथल्या अधिकाऱ्यांनी लोकांना घरी जाऊ दिले. सेन्सॉरमुळे वर्तमानपत्रे कित्येक आठवडे गप्प होती. पुढे खटला झाला आणि न्यायाधीश बिन्यामिन हालेवी यांनी लिहिले की, ज्या हुकमावर काळे निशाण फडकते आहे, तो पाळायचा नसतो. शिक्षा नंतर कमी झाल्या, हेही खरे. पण ते काळे निशाण आजही सैनिकांना शिकवतात.

हे मी का सांगितले? गणवेशाला डोळे मिटून मान दिला, तर गोळी न झाडणारा आणि झाडणारा आपल्याला सारखेच दिसतात. ज्यांनी हात आवरला त्यांचे फोटो कोणी भिंतीवर लावले नाहीत. चूक झाली तर बातमी यायला हवी, आणि सगळ्याच मुलांना एका बातमीवरून खुनी ठरवणेही थांबायला हवे. हिरो म्हणणारा आणि शिव्या देणारा, दोघेही त्या मुलाचे म्हणणे ऐकत नाहीत.

तर मंडळी, मलिद्याला बोलवा, फोटोही काढा. पण मग त्याला बाजूला बसवा, ताटात एक केळे जास्त ठेवा आणि विचारा, "बाळा, झोप लागते का? तुझ्या मुलांची नावे काय?" आणि तो बोलत असेल तेव्हा मध्ये आपले १९७१ सुरू करू नका. हे मी स्वतःलाही सांगते आहे.

अभ्यास

१. धारातीर्थी पडणे, कामास येणे, हुतात्मा: प्रत्येकाचे एक वाक्य करा. तुमच्या हिब्रू बातमीत यांच्या जागी कोणता शब्द येतो?

२. अरुण खेत्रपाल आणि रामा राघोबा राणे यांच्या शौर्यात काय सारखे, काय वेगळे?

३. सुभेदार मेजरचा सलाम आणि ब्रिगेडियर नासर यांचे बोलणे, यांत मान कशाला होता?

४. घरचे काम: आजी-आजोबांनी आणि नातवंडांनी जोडीने करावे. घरातल्या किंवा ओळखीच्या एका सैनिकाशी बोला. तो त्या दिवशी काय करतो, कोणाची काळजी वाहतो, हे दहा मराठी वाक्यांत लिहा. अट एकच: शूर, वीर आणि हिरो हे शब्द वापरायचे नाहीत. त्याने जे सांगू नका म्हटले, ते लिहायचे नाही.