चष्मा आणि कॅमेऱ्याची नेत्रिका

बंधाऱ्याचा पाया एकदा मातीखाली गेला की त्याचे छायाचित्र पुन्हा घेता येत नाही. अशा कामाची नोंद करणाऱ्यास चष्मा असल्यास कॅमेऱ्यातून पाहण्याची रीत त्याने समजून घेणे अगत्याचे ठरते.

नेत्रिकेपासून ठरावीक अंतराच्या आत डोळा असेल, तरच संपूर्ण चौकट दिसते. चष्म्यामुळे डोळा मागे राहतो. कडा व कोपरे झाकले जातात आणि तेथे शिरलेली नको ती वस्तू लक्षात येत नाही. ही अडचण ओळखून निकॉन कंपनीने १९८२ साली 'एफ-३ एचपी' हा कॅमेरा आणला. त्यात डोळा सुमारे २५ मिलिमीटर दूर असतानाही पूर्ण चौकट दिसे.

अनेक कॅमेऱ्यांच्या नेत्रिकेजवळ डायॉप्टरची लहान चकती असते. भिंग फिक्या भिंतीकडे रोखून, चौकटीतील रेषा व आकडे स्पष्ट दिसेपर्यंत ती फिरवावी. समोरच्या दृश्यावरून ही जुळणी करू नये. चष्म्याचा क्रमांक सौम्य असल्यास अशा जुळणीनंतर चष्म्याविना काम भागते. परंतु सिलिंडरचा क्रमांक असल्यास ही चकती तो दोष दूर करू शकत नाही. अशा व्यक्तीने चष्मा लावूनच पाहावे. नेत्रिकेभोवती रबरी कडे असावे, म्हणजे काचेवर चरे पडत नाहीत.

कळ दाबण्यापूर्वी डोळा किंचित सरकवून चारही कोपरे क्रमाने पाहावेत. एवढ्या दक्षतेने कामाची नोंद निर्दोष राहते.