एका लेखाची जन्मकथा

६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी सव्वाआठ वाजता अमेरिकेच्या विमानाने जपानमधील हिरोशिमा शहरावर अणुबाँब टाकला. क्षणार्धात शहराची राखरांगोळी झाली. कोणी भाजून, कोणी ढिगाऱ्याखाली चिरडून, तर कोणी किरणोत्सर्गाच्या विकाराने, अशी त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत सुमारे १,४०,००० माणसे मृत्युमुखी पडली. वर्तमानपत्रांनी ही वार्ता जगभर पोहोचविली. अमेरिकेतील वाचकांनी उद्ध्वस्त इमारतींची छायाचित्रे पाहिली, बाँबच्या शक्तीचे आकडे वाचले. परंतु त्या इमारतींत राहणाऱ्या माणसांवर काय गुदरले, हे मात्र त्यांना फारसे ठाऊक नव्हते.

‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकाचा एक संपादक विल्यम शॉन याला ही उणीव जाणवली. त्याने जॉन हर्सी या तरुण पत्रकारावर हे काम सोपविले. हर्सीने युद्धाच्या वार्ता रणभूमीवरून लिहिल्या होत्या. कादंबरीकार म्हणूनही त्याचे नाव झाले होते. तरीही हे काम त्याला सोपे नव्हते.

पहिली अडचण विषयाच्या विस्ताराची होती. लाखावर माणसांचे दुःख एका लेखात मावायचे कसे? हजार मेले म्हटले काय आणि लाख मेले म्हटले काय, वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एकही चेहरा उभा राहत नाही. या प्रवासात असताना हर्सी जहाजावर आजारी पडला. अंथरुणावर पडल्या पडल्या त्याने थॉर्नटन वाइल्डर या लेखकाची एक कादंबरी वाचली. पेरू देशातील एक पूल कोसळतो आणि पाच माणसे प्राणास मुकतात; त्या पाच जणांच्या आयुष्यांचा शोध तीत घेतला आहे. ती वाचून हर्सीला वाट सापडली. सगळ्या शहराची कथा सांगण्याऐवजी मोजक्या माणसांची कथा सांगावी, असे त्याने ठरविले.

पण ही माणसे शोधायची कशी? १९४६ च्या मे महिन्याच्या अखेरीस हर्सी हिरोशिमात पोहोचला. त्याला जपानी भाषा येत नव्हती. शिवाय, ज्या देशाने बाँब टाकला त्याच देशाचा तो नागरिक. त्याच्यापुढे कोण आपले मन मोकळे करणार? अशा वेळी तेथे राहणारे जर्मन धर्मगुरू फादर क्लाइनसॉर्ग त्याला भेटले. अमेरिकेत शिकून आलेले जपानी धर्मोपदेशक तानिमोतो यांचेही साहाय्य झाले. एकाने दुसऱ्याची ओळख करून दिली आणि बंद दारे हळूहळू उघडली. हर्सीने अनेकांच्या कहाण्या ऐकून घेतल्या आणि अखेर सहा जण निवडले : हे दोघे, दोन डॉक्टर, कारखान्यातील एक कारकून तरुणी आणि एका शिंप्याची विधवा. बाकीच्यांची दुःखे काही कमी नव्हती. तरी ती त्याला बाजूला ठेवावी लागली.

बाँब पडला त्या क्षणी ही माणसे काय करीत होती, येथपासून हर्सीने माहिती गोळा केली. कारकून तरुणी शेजारच्या मुलीशी बोलण्यासाठी मान वळवीत होती. तोच मागची पुस्तकांची कपाटे अंगावर कोसळून तिचा पाय चिरडला. शिंप्याच्या विधवेने आपली तीन मुले ढिगाऱ्याखालून ओढून काढली. डॉक्टर सासाकींचा चष्मा हरवला, तेव्हा त्यांनी एका जखमी परिचारिकेचा चष्मा डोळ्यांवर चढविला आणि तीन दिवसांत जेमतेम तासभर झोप घेऊन ते जखमींवर उपचार करीत राहिले. असे बारकावे नुसते तर्काने सुचत नाहीत. शांतपणे ऐकणाऱ्यालाच ते गवसतात.

अमेरिकेस परतल्यावर लेखनाची परीक्षा सुरू झाली. एवढे ऐकल्यावर संताप, कळवळा शब्दांवाटे उसळणे स्वाभाविक होते. हर्सीने मात्र संयम पाळला. त्या सहा जणांनी जे पाहिले, ऐकले आणि सोसले, तेवढेच त्याने साध्या शब्दांत मांडले. आपला शोक त्याने वाचकांवर लादला नाही. म्हणूनच तो वाचकांच्या मनात आपोआप उमटला.

लेख सुमारे तीस हजार शब्दांचा झाला. तो चार भागांत छापावयाचा बेत होता. पण तुकडे केल्यास त्याचा परिणाम ओसरेल, असे शॉनला वाटले. मुख्य संपादक हॅरल्ड रॉस यालाही ते पटले. ३१ ऑगस्ट १९४६ च्या अंकात या एका लेखावाचून दुसरा मजकूर घेतला गेला नाही. अंक हातोहात खपले. पुढे तो लेख आकाशवाणीवरून वाचला गेला, पुस्तकरूपाने निघाला आणि १९४९ साली जपानी भाषेतही प्रसिद्ध झाला.

चाळीस वर्षांनी, १९८५ साली, हर्सीने त्या सहा जणांच्या पुढील आयुष्याची हकीकत लिहिली. तोवर त्यांपैकी दोघे निवर्तले होते. लेख छापून झाला, म्हणजे त्यातील माणसांशी असलेले आपले नाते संपले, असे त्याने मानले नाही.

अभ्यास

१. हर्सीने सहाच माणसांची कथा का सांगितली?
२. हिरोशिमात माहिती मिळविताना त्याला कोणत्या अडचणी आल्या? त्या कशा दूर झाल्या?
३. ‘शांतपणे ऐकणाऱ्यालाच ते गवसतात’ असे का म्हटले आहे?
४. वाक्यांत उपयोग करा : राखरांगोळी होणे, मन मोकळे करणे, प्राणास मुकणे.
५. पूर, आग किंवा दुष्काळ अनुभवलेल्या तुमच्या गावातील एका वडीलधाऱ्या माणसास भेटा. त्याची हकीकत ऐकून दहा ओळींत लिहा.