जयंतीची रोषणाई, फ्रोजन जेवण आणि आईची सुट्टी



१४ एप्रिल जवळ आला की वस्तीचा रंग बदलतो. निळ्या पताका लागतात, बुद्ध विहाराला विजेच्या माळा चढतात, चौकात कमानी उभ्या राहतात. नागपूरला १३ तारखेच्या रात्री दीक्षाभूमी आणि संविधान चौकाकडे माणसांची रीघ लागते. मुंबई, पुणे, छत्रपती संभाजीनगर आणि लहानसहान गावांतही लेकराबाळांना घेऊन माणसे रोषणाई पाहायला निघतात. आपल्या वर्षातला हा सगळ्यात मोठा कौटुंबिक आनंद.

या आनंदात एक माणूस मात्र पुष्कळदा नसतो. आमच्याच घरची गोष्ट सांगतो. कितीतरी वर्षे आम्ही सगळे तयार होऊन निघायचो आणि आई म्हणायची, "तुम्ही व्हा पुढे, मी आलूबोंडे तळून घेते. परत आल्यावर भूक लागेल ना!" आम्ही परतलो की गरम ताट तयार असायचे. आईने रोषणाई पाहिली ती आमच्या मोबाइलमधल्या फोटोंत. बाबासाहेबांनी स्त्रीच्या प्रगतीवरून समाजाची प्रगती मोजली, हे आम्ही भाषणात सांगत होतो आणि घरातली स्त्री जयंतीच्या रात्री कढईसमोर उभी होती.

म्हणून आम्ही ठरवले की जयंतीला सगळे जण बाहेर पडायचे आणि रात्रीचे जेवण फ्रोजन पाकिटांतले करून पाहायचे. आधी तीन रात्री सराव केला. त्यातून जे शिकलो ते या महिन्याच्या आरोग्य पानात मांडतो आहोत.

टिकवलेले अन्न आपल्याला नवे नाही

फ्रोजन म्हटले की आजी नाक मुरडते. "शिळे ते शिळेच," म्हणते. पण आपल्या आज्या-पणज्यांनीच अन्न टिकवण्याची विद्या सांभाळली. मांसाचे लांब तुकडे दोरीवर वाळवून केलेल्या चान्या, सुके बोंबील, सांडगे, कुरडया ही सगळी टिकवलेली अन्नेच. जंतूंना वाढायला पाणी लागते. उन्हात वाळवले की ते पाणी निघून जाते. गोठवले की त्याच पाण्याचा बर्फ होतो आणि जंतूंना ते वापरता येत नाही. तत्त्व एकच आहे.

गोठवण्याची आजची पद्धतही मूळची एका आदिम समाजाकडची. क्लॅरेन्स बर्डसाय नावाचा अमेरिकन माणूस कॅनडातल्या लॅब्राडॉर भागात राहिला होता. कडाक्याच्या थंडीत तिथले इन्युइट लोक मासे झटपट गोठवतात आणि ते पुढे ताज्यासारखे लागतात, हे त्याने पाहिले. त्यावरून १९२० च्या दशकात त्याने यंत्र बनवले. झटपट गोठवल्यास बर्फाचे कण बारीक होतात आणि अन्नाचा पोत मोडत नाही. घरच्या फ्रीजमध्ये भाजी सावकाश गोठते, कण मोठे होतात, म्हणून ती नंतर पाणचट लागते.

वाळवलेल्या आणि गोठवलेल्या अन्नात एक मोठा फरक मात्र आहे. चानी दोरीवर महिनोन्महिने टिकते. फ्रोजन पाकिटाला कारखान्यापासून तुमच्या तव्यापर्यंत अखंड थंडी लागते, तीही उणे १८ अंश सेल्सिअसची. गोठवल्याने जंतू मरतातच असे नाही, बहुतेक झोपतात. पाकीट वितळले की ते जागे होतात. पुढचे सगळे नियम या एका वाक्यातून निघतात.

पाकीट घेताना

१. दुकानाच्या डीप फ्रीझरमधले पाकीट दगडासारखे कडक हवे. मऊ असेल किंवा आतल्या वाटाण्यांचा एकच गोळा झाला असेल, तर ते मध्ये कधीतरी वितळून पुन्हा गोठले आहे, असे समजून परत ठेवा.

२. बाकी बाजार आधी करा, फ्रोजन पाकीट शेवटी घ्या आणि सरळ घरी या. एप्रिलच्या उन्हात विदर्भात पारा चाळिशी ओलांडतो. अशा वेळी नाशवंत अन्न तासाभराहून जास्त बाहेर राहू देऊ नये. एरवी ही मर्यादा दोन तासांची.

३. एफएसएसएआयचे चिन्ह, १४ अंकी परवाना क्रमांक आणि मुदतीची तारीख पाहा.

४. घरच्या फ्रीजचा विचार करा. एका दाराच्या अनेक फ्रीजमध्ये वरचा बर्फाचा कप्पा उणे १८ पर्यंत जात नाही. तिथे पाकीट थोडेच दिवस ठेवा. किती दिवस, ते पाकिटावर लिहिलेले असते.

५. वीज जात असेल तर एक सोपी युक्ती. वाटीभर पाणी गोठवून त्यावर एक नाणे ठेवा आणि वाटी फ्रीझरमध्येच राहू द्या. गावाहून आल्यावर नाणे बर्फात बुडालेले दिसले, तर मधल्या काळात सगळे वितळले होते. मग मांस-मासळीची पाकिटे टाकून द्या, जीव धोक्यात घालू नका.

आमच्या तीन रात्री

पहिल्या रात्री वाटाणे. पाकीट फोडून सरळ फोडणीत टाकले आणि चांगले शिजवले. चव सगळ्यांना आवडली. गोठवण्याआधी वाटाणे गरम पाण्यातून काढलेले असतात, त्यामुळे लवकर शिजतात. पोषणातही ते बाजारात चार दिवस पडून राहिलेल्या भाजीपेक्षा कमी नसतात. साध्या फ्रोजन भाजीत सहसा मीठ-तेल घातलेले नसते. फ्रोजनमधली ही सगळ्यात चांगली वस्तू, असे आमचे मत झाले.

दुसऱ्या रात्री पराठे. ते वितळू न देता थेट तव्यावर मंद आचेवर भाजायचे. मुले खूश झाली. पण बाबांना रक्तदाबाची गोळी आहे, म्हणून आम्ही पाकिटामागचा तक्ता वाचायला बसलो. घटकांच्या यादीत जे सर्वात जास्त असते ते पहिले लिहितात. पहिले नाव मैद्याचे होते.

मग मिठाचा हिशेब केला. तो सर्वांना यावा म्हणून नमुन्याचे आकडे घेऊन मांडतो. समजा १०० ग्रॅममध्ये ४५० मिलिग्रॅम सोडियम आहे आणि एक पराठा ८० ग्रॅमचा आहे. दोन पराठे म्हणजे १६० ग्रॅम, म्हणजे ७२० मिलिग्रॅम सोडियम. सोडियमला अडीचने गुणले की मीठ मिळते. म्हणजे १,८०० मिलिग्रॅम, जवळपास पावणेदोन ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. त्यातला तिसऱ्या हिश्शाहून जास्त वाटा दोन पराठ्यांतच गेला. वर लोणचे आणि पापड घेतला तर पाहायलाच नको. म्हणून आमच्याकडे पराठ्याबरोबर लोण्याऐवजी बिनमिठाचे दही आणि काकडी-कांदा आला. बाबांनी एकच पराठा खाल्ला आणि वर वाटीभर वरण घेतले.

तिसऱ्या रात्री कोंबडीचे तळायचे तुकडे. त्यांचा बाहेरचा रंग फसवा असतो. पाकिटावर 'कच्चे' लिहिले असेल तर आतपर्यंत शिजलेच पाहिजेत. मधोमध तोडून पाहा, वाफ आली पाहिजे आणि गुलाबी भाग दिसता कामा नये. कच्च्या पाकिटाला लावलेला हात, चाकू, ताट साबणाने धुवा. मांस वितळवायचे असेल तर आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ताटलीत ठेवा, ओट्यावर नको. एकदा वितळलेले कच्चे मांस पुन्हा गोठवू नका. ही वस्तू आम्ही सणावारापुरती ठेवायचे ठरवले. मीठ आणि तेल दोन्ही जास्त.

पसेनदी राजाची गोष्ट

संयुत्त निकायात कोसलचा राजा पसेनदी याची गोष्ट आहे. तो भांडे भरून भात खायचा. एकदा असाच जेवून धापा टाकत तो भगवान बुद्धांकडे आला. तथागतांनी त्याला खाणे बंद करायला सांगितले नाही. जो जागरूकपणे आणि प्रमाणात जेवतो त्याचे दुखणे कमी होते, अशा अर्थाची गाथा सांगितली. सुदस्सन नावाच्या तरुणाने ती पाठ केली आणि राजा जेवायला बसला की तो ती म्हणायचा. राजाचे खाणे हळूहळू कमी झाले आणि अंग हलके झाले. पालीत याला 'भोजने मत्तञ्ञुता' म्हणतात, म्हणजे जेवणातले प्रमाण ओळखणे.

फ्रोजन पाकिटाला हीच कसोटी लावावी. ते विष नाही आणि रोजचे अन्नही नाही. आई थकली आहे, घरात आजारी माणूस आहे किंवा सगळ्यांना मिळून बाहेर जायचे आहे, अशा दिवशी ते उपयोगाचे. रोज मात्र भाकरी, डाळ आणि हिरवी भाजी. बाबासाहेबांनाही मधुमेहाने फार त्रास दिला. आज आपल्या वस्त्यांत घरटी मधुमेह आणि रक्तदाबाची औषधे दिसतात. हे विसरून चालणार नाही.

रोषणाई पाहायला जाताना

पाणी: माणशी एक बाटली घरूनच घ्या. पाणपोईतल्या सरबतात कोणता बर्फ आहे ते पाहा. खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घालण्याचा नियम २०१८ पासून आहे. निळसर बर्फ पोटात जाऊ देऊ नका.

सिकलसेल: विदर्भात आपल्या समाजात हा आजार बराच आहे. ज्या मुलाला सिकलसेल आहे त्याच्या शरीरातले पाणी कमी झाले, फार दमणूक झाली की वेदनेचा झटका येऊ शकतो. त्याला घरी ठेवू नका, सोबत न्या. पण दर थोड्या वेळाने पाणी पाजा, मध्ये बसवा आणि अंग दुखते म्हणाले की लगेच परत फिरा. ताप आला, छातीत दुखले किंवा धाप लागली तर थेट दवाखाना गाठा.

मधुमेह: इन्सुलिन घेणाऱ्यांनी जेवणाची वेळ चुकवू नये. खिशात साखर किंवा ग्लुकोज असू द्या. हातपाय थरथरणे, दरदरून घाम ही साखर उतरल्याची खूण आहे.

कान: ८५ डेसिबलचा आवाज दिवसातून ८ तास सोसता येतो, असे मानतात. पुढे दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला ती १५ मिनिटांवर येते. तान्ह्या बाळाला स्पीकरच्या भिंतीजवळ नेऊच नका.

डोळे: लेझरच्या किरणाकडे थेट पाहू नका आणि मुलांना खांद्यावर घेऊन त्याच्या समोर उभे राहू नका. डोळ्याच्या पडद्याला इजा होते तेव्हा दुखत नाही, ते नंतर कळते.

वीज: लोखंडी कमान, खांब आणि माळांना मुलांचा हात लागू देऊ नका. कुणाला शॉक बसला तर आधी वीज बंद करा, ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने माणसाला दूर करा. मग १०८ ला फोन करा.

आणि सोबत दोन गोष्टी सांगण्यासारख्या ठेवा. दीक्षाभूमीवर उभे असाल तर १४ ऑक्टोबर १९५६ ला इथे काय झाले, ते मुलांना आजीच्या तोंडून ऐकू द्या. दिवे विझतील, ती गोष्ट राहील.

त्या रात्री

जयंतीच्या रात्री आई आमच्याबरोबर निघाली. निळी साडी नेसली होती. कमानीखाली ती बराच वेळ नुसती उभी राहिली. मग म्हणाली, "फोटोत एवढं मोठं दिसत नव्हतं रे." आम्हाला काही बोलता आले नाही. घरी आल्यावर बाबांनी वाटाण्याची उसळ फोडणीला घातली, मुलांनी पराठे भाजले. एक पराठा करपला. आईने तो आवडीने खाल्ला आणि ताटे घासायला कुणीच तिला उठू दिले नाही.

फ्रोजन पाकिटाने आईला सुट्टी मिळत नाही. घरातल्या बाकीच्यांनी तवा हातात घेतला तर मिळते. पाकिटाने त्या रात्री ते थोडे सोपे केले, एवढेच.

घरी आणि महिला मंडळात चर्चेसाठी

१. मागच्या जयंतीला आपल्या घरातले कोण घरी राहिले? का?

२. घरातल्या कोणत्याही एका पाकिटामागचे सोडियम पाहा आणि अडीचने गुणून मीठ काढा. तुम्ही एका वेळी किती खाता?

३. तुमच्या फ्रीझरमध्ये नाण्याची वाटी ठेवून एका आठवड्याने काय दिसले ते सांगा.

४. येत्या बुद्ध पौर्णिमेला स्वयंपाक कोण करणार, हे आजच ठरवा.

सर्वांचे आरोग्य चांगले राहो.

भवतु सब्ब मंगलं.