विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशी

भिलाई व भोवतालचा दुर्ग जिल्हा, तसेच शेजारचा विदर्भ या प्रदेशांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार अनेक कुटुंबांत आढळतो. १९१० साली अमेरिकेतील डॉ. जेम्स हेरिक यांनी या विकाराच्या पेशींचे प्रथम वर्णन केले. हीमोग्लोबिनमध्ये ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलीन येते, एवढाच काय तो मूळ दोष, हे १९५७ मध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी दाखविले. प्राणवायू कमी पडला की असे रेणू परस्परांना चिकटतात. पेशी विळ्यासारखी वाकते, सूक्ष्म रक्तवाहिन्या तुंबतात आणि रुग्णास असह्य वेदना होतात.

सदोष जनुक एकाच पालकाकडून आले, तर व्यक्ती केवळ वाहक ठरते. ती रोगी नव्हे. माता व पिता दोघेही वाहक असल्यास मात्र अपत्य रोगी होण्याचा संभव चारांत एक असतो. याचा अर्थ, एक मूल रोगी जन्मल्यास पुढील तिघे निरोगी निपजतील, असा नव्हे. प्रत्येक गर्भधारणेच्या वेळी हा संभव नव्याने तेवढाच असतो.

विद्राव्यता चाचणीने सदोष हीमोग्लोबिनचे अस्तित्व कळते. वाहक कोण व रोगी कोण, हे विद्युत्‌संचारण चाचणीने ठरते. ही तपासणी विवाहापूर्वी झाल्यास दांपत्याला विचारपूर्वक निर्णय घेता येतो. गर्भारपणीही, दहाव्या आठवड्यानंतर, गर्भाचे निदान शक्य असते. दोष मातेचा, असे मानण्यास शास्त्राचा कोणताही आधार नाही. रोगी अपत्यास जनुक दोघांकडूनही मिळालेले असते.