ग्रंथालयाच्या द्वारे विश्वसनीय माहितीचा शोध

कोल्हापूरच्या वायव्येस सुमारे १७-१८ किलोमीटर अंतरावर वाडी रत्नागिरीचा डोंगर आहे. जोतिबाचे हे स्थान चैत्र पौर्णिमेच्या यात्रेमुळे सर्वांस परिचित आहे. या डोंगरावरील अथवा परिसरातील एखाद्या शिक्षकास गावाचा इतिहास लिहावयाचा आहे, किंवा पंचायत सदस्यास यात्रेकरूंच्या सोयीसाठी प्रस्ताव तयार करावयाचा आहे, अशी कल्पना करू. आज दोघेही प्रथम इंटरनेटकडे वळतील. तेथे माहितीस तोटा नाही. परंतु त्यातील कोणती माहिती कागदावर उतरवून तिच्याखाली सही करावी, हा खरा प्रश्न आहे. या कामी सार्वजनिक ग्रंथालयाचा उपयोग कसा करून घ्यावा, हे येथे पाहावयाचे आहे.

कोल्हापूरची परंपरा

कोल्हापूरला ग्रंथालयांची परंपरा जुनी आहे. करवीर नगर वाचन मंदिराची स्थापना १८५० साली झाली. कोल्हापूर संस्थानने १९४५ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ साली आला आणि शासनमान्य ग्रंथालयांचे जाळे गावोगाव पसरले. ग्रंथालयाचे कार्य केवळ पुस्तके देणे हे नव्हे. वाचकाच्या प्रश्नाचे उत्तर कोठे मिळेल ते दाखविणे हेही त्याचे कार्य होय. माध्यम बदलले तरी हे कार्य बदललेले नाही. ज्या ग्रंथालयात संगणकाची सोय आहे, तेथे ग्रंथपालाचे मार्गदर्शन आणि संदर्भग्रंथ ही दोन्ही साधने एकाच छताखाली मिळतात.

शोधशब्दांची निवड

पहिली अडचण नावाची येते. नुसते 'रत्नागिरी' असे लिहून शोध घेतल्यास कोकणातील जिल्ह्याची माहिती समोर येते. 'ज्योतिबा' असे लिहिल्यास महात्मा फुले यांच्याविषयीचे लेखन मोठ्या प्रमाणावर येते. म्हणून 'वाडी रत्नागिरी, तालुका पन्हाळा, जिल्हा कोल्हापूर' असा पूर्ण उल्लेख करावा. 'जोतिबा' व 'ज्योतिबा' ही दोन्ही रूपे, तसेच 'केदारलिंग' हे नावही वापरून पाहावे. जनगणनेत प्रत्येक गावास स्वतंत्र संकेतांक दिलेला असतो. तो टिपून ठेवल्यास सारख्या नावाच्या गावांचा घोटाळा टळतो.

दहा ठिकाणे, साक्षीदार एक

जोतिबाचे सध्याचे मुख्य मंदिर राणोजी शिंदे यांनी १७३० साली बांधले, असे अनेक संकेतस्थळांवर आढळते. इतक्या ठिकाणी आहे म्हणजे ते सिद्ध झाले, असे मात्र समजू नये. हे विधान मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमधील कोल्हापूरच्या खंडात आहे आणि तो खंड १८८६ साली प्रसिद्ध झाला. पुढील लेखकांनी तेच वाक्य उतरवून घेतले असेल, तर ठिकाणे दहा असली तरी साक्षीदार एकच राहतो. शिवाय हा साक्षीदारही घटनेनंतर दीडशे वर्षांनी बोलत आहे. म्हणून शिक्षकाने 'गॅझेटियरनुसार १७३०' असे लिहावे. अधिक खोलात जावयाचे असल्यास शिलालेख आणि कोल्हापूर पुरालेखागारातील कागदपत्रे पाहावीत. जुनी गॅझेटियरे आता संगणकावरही वाचता येतात. त्यामुळे मूळ पान स्वतः पाहणे पूर्वीइतके कठीण राहिलेले नाही.

हाच नियम कोशांनाही लागू पडतो. मराठी विश्वकोश हा तज्ज्ञांनी लिहिलेला, संपादित झालेला आणि इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध असलेला संदर्भ आहे. त्यातील संकल्पनांचे विवेचन भरवशाचे आहे. परंतु त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला, हे विसरून त्यातील लोकसंख्येचे अथवा उत्पादनाचे आकडे आजचे म्हणून देणे योग्य होणार नाही.

आकडे, निर्णय आणि दिनांक

पंचायतीच्या कामात चुकीची किंमत अधिक मोठी असते. काही संकेतस्थळे गावाची लोकसंख्या '२०२१ च्या जनगणनेनुसार' म्हणून देतात. वास्तविक २०२१ साली व्हावयाची जनगणना त्या वर्षी झालीच नाही. तेव्हा असा आकडा हा कोणीतरी केलेला अंदाज होय. पाणीपुरवठ्याच्या प्रस्तावात तो जनगणनेचा म्हणून घातला, तर छाननीत प्रस्ताव परत येईल आणि गावाचे काम लांबेल. २०११ चा अधिकृत आकडा द्यावा आणि पुढील वाढीचा अंदाज वेगळा, 'अंदाज' असे म्हणूनच मांडावा.

योजनांविषयी बातमी किंवा भ्रमणध्वनीवर आलेला संदेश प्रमाण मानू नये. शासन निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर मिळतात आणि त्यावर दिनांक व संकेतांक असतो. तो निर्णय नंतर सुधारला अथवा अधिक्रमित झाला काय, हेही पाहावे. दिनांकाचे महत्त्व यात्रेच्या उदाहरणावरून कळेल. साथीमुळे २०२० व २०२१ मध्ये चैत्र यात्रा भरली नाही. त्या वेळची सूचना आज कोणी दिनांक काढून पुढे पाठविली, तर मजकूर जसाच्या तसा असूनही ती असत्य ठरेल. अशा वेळी जिल्हा प्रशासन किंवा पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समिती यांची चालू सूचनाच पाहिली पाहिजे.

नोंदवहीची सवय

माहिती स्वीकारण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत : हे कोण सांगतो? केव्हा सांगितले? कशाच्या आधारे सांगितले? आणि त्याच्यावर अवलंबून नसलेला दुसरा आधार आहे काय? संकेतस्थळाचा पत्ता 'गव्ह डॉट इन' असा संपत असेल, तर ते शासकीय आहे असे समजण्यास आधार मिळतो. तरीही दुसरा प्रश्न शिल्लक राहतोच.

या उत्तरांची नोंद ठेवण्यासाठी प्रत्येक ग्रंथालयाने, शाळेने आणि ग्रामपंचायतीने एक साधी वही ठेवावी. प्रश्न, उत्तर, मूळ आधार, त्याचा दिनांक आणि पाहिल्याचा दिनांक, एवढे पाच रकाने पुरेत. एकाने केलेला शोध मग दुसऱ्याच्या उपयोगी पडतो. सदस्य बदलले, शिक्षकांची बदली झाली तरी माहिती गावातच राहते आणि तिच्याविषयी शंका घेणाऱ्यास मूळ आधार दाखविता येतो.