रेकॉर्ड घेशील तर आधी उजेडात धर

अगं, रेकॉर्ड जमवायचं खूळ डोक्यात शिरलंय ना, शिरू दे बाप्पा. फक्त ‘जपानची आहे ताई, कोरी करकरीत’ असं कोणी म्हटलं की लगेच पर्स उघडू नकोस. जपानी माल बहुतेकदा खरंच चांगला निघतो. पण त्यावर तुझं नाट्यसंगीत थोडंच मिळणार? आपल्या आवडीच्या बहुतेक रेकॉर्ड कोलकात्याकडच्या, दमदमच्या कारखान्यातल्या. 1902 साली गायिका गौहरजानचा आवाज कोलकात्यात टिपला, तरी तबकड्या छापून आल्या जर्मनीतल्या हॅनोव्हरहून. इथला पहिला कारखाना 1908चा, दमदमचा त्यानंतरचा. म्हणून लेबलवर हॅनोव्हर दिसलं तर वस्तू जुनी, एवढंच समज. चांगली असेलच असं नाही.

लाखेच्या, मिनिटाला 78 फेऱ्यांच्या तबकड्या विलायतेत 1960च्या सुमारास आटोपल्या. आपल्याकडे त्यानंतरही निघत राहिल्या, बीटल्ससुद्धा इथे 78वर छापले गेले! आणि त्या वाजल्या कशा? पोलादी पिन एका बाजूला वाजवून फेकायची असते, पण ते परवडत होतं कोणाला? तीच बोथट पिन पुढच्या लग्नापर्यंत चालायची. म्हणून तबकडी उजेडात तिरपी धर. काळ्या चकाकीवर करडी झाक दिसली की खाचा घासल्या म्हणून समज. मग मधल्या भोकाजवळचं लेबल बघ, तिथे ओरखड्यांचं जाळं असेल तर ती फार वाजलीय. लाखेची असेल तर नखाने टिचकी मार. खणखणली नाही, भरभरली, तर कुठेतरी तडा आहे.

परदेशात नेलेली दमदमचीच तबकडी कधी कधी इथल्यापेक्षा छान निघते. कारण सोपं आहे, तिथे अकोल्याचा मे महिना नाही. पत्र्याखालच्या माळ्यावर प्लास्टिकची एलपी ठेवलीस तर तिची पापडासारखी लाट होते. उभ्या ठेव, आतल्या खोलीत, कूलरच्या झोतापासून लांब. त्या ओलीने कव्हरला बुरशी धरते.

आणि लाखेच्या तबकडीला स्पिरिट लावायचं नाही म्हणजे नाही. सुतार चपडा, म्हणजे लाखच, स्पिरिटमध्येच तर विरघळवतो पॉलिशसाठी!

गझलकार सुरेश भट आपल्या अमरावतीचे, त्यांच्या गाण्यांची एखादी रेकॉर्ड सापडली तर घासाघीस करत बसू नकोस. आधी घे, मग मला फोन कर.